दिलाशाची खरखर

"बोलले बघ," ताई म्हणाली. "ऐकलंस ना?"

गाडी पुलाखालच्या चौकात अडकून पडली होती. तो मागच्या सीटवर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, शेजारी लाकडी चौकटीत ओळीनं उभे केलेले चाचणीचे फोन, आणि स्वतःचा फोन कानाला इतका दाबून धरलेला की कानाची पाळी दुखायला लागली होती. आत्ताच ताईनं, थांब हं, तोंडाशी धरते, असं सांगून फोन बाबांकडे नेला होता आणि त्यानं श्वास रोखून ऐकलं होतं. काही नव्हतं. एक मऊ खरखर, ना वर ना खाली, एका पातळीवर पसरलेली, आणि मग पुन्हा ताईचा आवाज. काय बोलले, असं त्यानं विचारलं तेव्हा ताई जराशी अडखळली. शब्द लागत नाहीत, पण पुटपुटतात, तुझं नाव घेऊन फोन पुढे केला की हमखास सुरू होतात, एरवी दिवसभर तोंड मिटून पडलेले असतात, हे तिनं कालही सांगितलं होतं आणि परवाही. चौकातला दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला, आणि आता आपल्याला काही बोलता येणार नाही याचं त्याला मनातून बरंच वाटलं. दुपारी करतो, असं सांगून त्यानं फोन ठेवला. ड्रायव्हरनं आरशातून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली.

ती खरखर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. माणूस बोलता बोलता थांबला की त्याचा फोनही हवेत काही पाठवायचं थांबवतो. शांतता कशाला पाठवायची? बॅटरी फुकट जाते, हवेत उगीच गर्दी होते. पलीकडच्या फोनला तो फक्त अधूनमधून कळवतो, की इकडे शांत आहे, इतपत शांत आहे. पण माणसाचं असं, की कानात एकदम काहीच उरलं नाही तर त्याला वाटतं लाइन तुटली, आणि तो हॅलो हॅलो करत घसा कोरडा करून घेतो. म्हणून ऐकणाऱ्याचा फोनच पदरची थोडी खरखर तयार करून त्याच्या कानात सोडतो. कुणीतरी आहे, चालू आहे, असं वाटत राहावं एवढ्याचसाठी. कंपनीत नव्यानं आलेल्यांना शिकवताना त्यानं तिचं नाव दिलाशाची खरखर असं ठेवलं होतं, आणि ते हसले होते, आणि आपण फार मजेदार बोललो असं त्यालाही तेव्हा वाटलं होतं. आता मात्र गोष्ट सरळ होती. डोंगरापलीकडच्या ताईच्या गावाहून, बाबांच्या तोंडातून, काहीही निघालेलं नव्हतं. जे ऐकू आलं ते त्याच्या कानापासून बोटभर अंतरावर, त्याच्याच फोनमध्ये तयार झालं होतं.

बाबांचं उजवं अंग गेलं त्याच सकाळी वाचाही गेली होती. कान शाबूत होते. त्यांना समजतं सगळं, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्याला हे दिलासा देण्यासाठी सांगितलं की घाबरवण्यासाठी हे कळलं नव्हतं. हॉस्पिटलमधून ताई त्यांना परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. तुमच्या दोन खोल्या, तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर, तू कुठं ठेवणार, असं तिनं म्हटलं आणि त्यानं जरा जास्तच चटकन मान डोलावली. फोन जागेवरून हलायला लागला की जवळचा टॉवर त्याला सोडतो आणि पुढचा धरतो, पण पुढच्यानं धरलं याची खात्री झाल्याशिवाय आधीचा सोडत नाही. यंत्रांना एवढी रीत असते. त्यांच्या घरात ताईनं धरलं आणि तो मोकळा झाला. आता ताईची कंबर कामातून गेली होती, बाबांना कुशीवर वळवताना तिला पट्टा आवळावा लागत होता, आणि भाऊजी तोंडानं काही बोलत नसले तरी त्यांचा चेहरा बोलत होता. तिच्या गावाबाहेर शुश्रूषेचं एक केंद्र होतं, लांबट बैठी इमारत. तिथं पुढच्या वॉर्डात बरं होण्याजोगी माणसं ठेवत; त्यांना बसायला, बोलायला शिकवत, त्यांच्याशी दिवसभर कुणी ना कुणी बडबडत राही. मागच्या वॉर्डात नुसती पडून असलेली. स्वच्छ चादरी, वेळेवर कूस बदलणं, आणि दुसरं काही नाही. मागून कुणी पुढे आल्याचं ताईनं ऐकलं नव्हतं. पुढे एकच खाट रिकामी होती. केंद्राच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं, बराच वेळ बोलायला लावून पाहिलं, आणि बाबांनी दातांवर दात ठेवले. तरीही काही पेशंट एकाच माणसासाठी तोंड उघडतात, असं ते म्हणाले होते. मुलाला फोनवर शब्द नाही, नुसता आवाज जरी येत असेल तरी आम्ही पुढे घेऊ. आज संध्याकाळच्या आत ते स्वतः त्याला फोन करणार होते.

म्हणजे सगळं येऊन त्याच्या कानावर थांबलं होतं. याला नशिबाची थट्टा म्हणायचं तर म्हणता आलं असतं, कारण त्याचा धंदाच हा होता, कुठं काय पोचतं आणि कुठं नाही हे सांगण्याचा. शहरभर गाडीनं फिरायचं, ठरलेल्या रस्त्यांनी, ठरलेल्या सावकाश गतीनं, आणि प्रत्येक वळणावर हवेत किती जीव आहे ते मोजायचं. मग त्याचा नकाशा होतो; चांगलं तिथं हिरवा ठिपका, मधलं तिथं पिवळा, मेलेलं तिथं लाल. इतरांचे नकाशे वरिष्ठांकडे जाताना आपोआप हिरवे होत. याचे नाहीत. लाल ते लाल. त्यामुळे ऑफिसात त्याचं नाव लाल्या पडलं होतं, आणि त्या नावाचा त्याला आतून थोडा माजही होता. लोक भांडायला येत, आमच्या घरात रेंज आहे, मी रोज बोलतो. तो म्हणे, तुम्हाला वाटतं. कुणी म्हणे, रेंज अजिबात नाही. तो पडद्यावरचा आकडा दाखवी. माणूस काय वाटतं ते सांगतो आणि मोजमाप काय आहे ते सांगतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बायको एकदा म्हणाली होती, तुझ्याशी भांडायचं म्हणजे आधी मीटर आणावा लागेल. ती हसत म्हणाली होती, पण नंतर भांडायचीच बंद झाली.

गाडी बाजारातल्या अरुंद रस्त्याला लागली. दोन्हीकडे उंच इमारती, वर आभाळाची चिंधी. पडद्यावरची रेष इथं नेहमी पिसाळते, खालीवर उड्या मारते, आणि नवीन माणूस घाबरतो. टॉवरपासून निघालेली लहर सरळ थोडीच येते. ती एका भिंतीवर आपटते, दुसऱ्या पत्र्यावर आपटते, आणि पाचदहा वाटांनी एकाच फोनशी येऊन पोचते, थोडी आधी, थोडी नंतर. कधी दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना हात देतात आणि आवाज खणखणीत होतो. कधी त्याच दोघी एकमेकींना बरोबर पुसून टाकतात. दोन्ही पोचलेल्या असतात, हातात मात्र शून्य. वीतभर पुढे सरकलं की पुन्हा सगळं ठीक. हे त्यानं ड्रायव्हरला एकदा समजावून सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, म्हणजे आमच्या घरासारखंच की साहेब, आईचं पण बरोबर आणि बायकोचं पण बरोबर. त्याच्या स्वतःच्या घरात सरळ वाट कधीच नव्हती. आई होती तोवर बाबांचं म्हणणं आईकडून यायचं. बाबा म्हणत होते स्वेटर नेलास का. बाबा म्हणत होते एवढी लांब नोकरी कशाला. शेजारच्या खोलीत बसलेले बाबा हे आपल्याला सरळ का सांगत नाहीत, असा प्रश्नही त्याला पडत नसे. काही माणसांची वाट तशीच असते असं तो धरून चालला होता. आई गेल्यावर ती वाट बुजली आणि बाप-लेक एकमेकांसमोर आले, तेव्हा दोघांनाही काय बोलावं ते सुचेना.

मग तो चाचणीच्या कामाला लागला आणि तिढा भलत्याच रीतीनं सुटला. त्या काळी लांबलचक कॉल लावून शहर पालथं घालावं लागे, आणि पलीकडे सतत बोलणारं माणूस लागे, कारण कुणी बोललंच नाही तर आवाज तुटतोय की नाही हे कळणार कसं. ऑफिसातली माणसं कंटाळत, पाच मिनिटांत गप्प होत. त्यानं बाबांना विचारलं. बाबांचा जन्म छापखान्यात गेला होता. मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि समोर बसलेला मुद्रितशोधक छापलेल्या कागदावर ते ताडून बघणार, असं त्यांचं काम. दिवसभर वाचायचं, सपाट आवाजात, एकही खूण न गाळता. अर्थाशी आपला संबंध नाही, असं ते म्हणत. अर्थात शिरलं की डोळा चुकतो. निवृत्त झाल्यावर त्यांचा आवाज नुसता पडून होता. ते तयार झाले. सकाळी वर्तमानपत्र घेऊन जुन्या घरी खिडकीशी बसायचे, जुन्या दोरीवाल्या फोनचा रिसीव्हर मानेत धरायचे आणि वाचत सुटायचे, मंत्री म्हणाले स्वल्पविराम की या प्रश्नावर अवतरणचिन्ह सुरू. इकडे शहरभर गाडी फिरायची आणि बाबा त्याच्या कानात अखंड वाहत राहायचे, खून, बाजारभाव, हरवले-सापडले, सगळं एका सुरात. वाचून संपलं की ते थांबायचे, आणि तिथून पुढे, कॉल अजून चालू असला तर, स्वतःचं काहीतरी बोलायचे. असं बरीच वर्षं चाललं. आणि त्यानं त्यातलं काहीही ऐकलं नाही. तो आवाज ऐकत होता, आवाजाची प्रत. कुठं खरखर झाली, कुठं अक्षर गिळलं गेलं, कुठं तुटलं. स्वतःचं काहीतरी बोलायचे म्हणजे काय बोलायचे? आता तो डोकं खाजवत होता आणि एक वाक्य हाताला लागत नव्हतं. एकदा आईच्या हातच्या लोणच्याबद्दल काहीतरी होतं. एकदा ते बराच वेळ हसले होते, कशाला कुणास ठाऊक. पडद्यावर त्या वेळी नदीवरच्या पुलाचा रस्ता होता आणि रेष स्वच्छ होती, एवढं मात्र त्याला आठवत होतं. पुढे कंपनीनं पलीकडे बोलणारं यंत्र बसवलं. आता गरज नाही, असं त्यानं बाबांना सांगितलं तेव्हा ते बरं म्हणाले, आणि तरी पुढचे काही दिवस सकाळी फोनजवळ बसत, असं ताई म्हणाली होती.

दुपारी त्यानं ड्रायव्हरला टेकडीवर गाडी न्यायला सांगितली. तिथं टॉवर डोळ्यासमोर उभा, मध्ये झाड ना भिंत, याहून चांगली हवा अख्ख्या शहरात नव्हती. ड्रायव्हर डबा घेऊन खाली उतरला, जाता जाता काच वर करून गेला. त्यानं ताईला फोन लावला. तिच्या घराजवळच्या टॉवरवर आज किती भार आहे, काही बिघाड आहे का, हे त्यानं आधीच तिथल्या माणसाला विचारून घेतलं होतं. सगळं ठणठणीत होतं. इकडे रेंज पूर्ण, तिकडे रेंज पूर्ण, मधली सगळी वाट हिरवीगार. आता पलीकडून मुंगी जरी खोकली असती तरी ती ऐकू यायला हवी होती. ताई कुजबुजली, बाबा, तो आहे बघा फोनवर, तुमच्याशीच बोलायचंय त्याला. आणि मग तिचाही आवाज गेला आणि ती खरखर सुरू झाली. तो डोळे मिटून बसला. बाबा, असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि आपला आवाज बंद गाडीत कसा पोकळ येतो याची त्याला लाज वाटली. बाबा, बोला. मी ऐकतोय. आजवर एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यानं त्यांना पहिल्यांदाच म्हटलं होतं. खरखर होती तशी राहिली. तिच्यात एखादी खाच, एखादा चढ, श्वासाची वर-खाली, काही म्हणजे काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आल्याबरोबर त्याला स्वतःचा रागही आला, कारण मोजमापात पाण्याला जागा नसते. ताई परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज फुलला होता. आता तरी ऐकलंस ना, किती वेळ बोलत होते, माझ्या हाताला श्वास लागत होता त्यांचा, असं ती म्हणत होती. तो म्हणाला, ताई, काही नाही आलं. ती अगदी हळू म्हणाली, "डॉक्टरांना आलं म्हण. तुझं काय जातं?"

खरंच, काय जात होतं? संध्याकाळपर्यंत तो हाच प्रश्न घेऊन फिरला. ताईला ऐकू येतं ते खोटं असं त्याला म्हणवत नव्हतं. पण दिवसरात्र एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसलं की त्यातून काय काय निघू शकतं हे त्याला ठाऊक होतं. रेंज नसलेल्या खोलीत फोन वाजल्याचे भास होणारी माणसं त्यानं पाहिली होती. समजा हो म्हटलं. बाबा पुढच्या वॉर्डात जातील, तिथली बाई रोज त्यांच्यापुढे चित्रं धरील, हे काय, ते काय, आणि ते दातांवर दात ठेवून पडतील, आणि दुसरा कुणी, ज्याच्या घशात खरोखर आवाज आहे असा कुणी, मागं पडून राहील. हा विचार आला तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. एवढं थोर कारण हाताशी आल्यावर माणसाला बरं वाटतंच. खालच्या थरात दुसरंच होतं. बाबा पुढच्या वॉर्डात गेले की त्यांच्याशी बोलायला घरच्यांनी यायचं, असा तिथला नियम होता, आणि ताईनं त्याचं नाव दिलं होतं. त्या वाकड्या झालेल्या तोंडासमोर रोज नाही तरी आठवड्यातून एकदा बसायचं, आणि काय बोलायचं? हे त्यानं स्वतःशी उघड म्हटलं नाही, पण दिवसभर त्यानं काही खाल्लं नाही.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तो ऑफिसच्या जिन्यात उभा होता. आवाजावरून डॉक्टर म्हातारे असावेत, सावकाश बोलत होते. "तुमच्या बहिणीला ऐकू येतं," ते म्हणाले. "ते खरं असेल, किंवा त्यांना हवंय म्हणून येत असेल. तुम्ही याच कामातले आहात असं त्या सांगत होत्या. तुम्हाला काय ऐकू आलं?"

जिन्याच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा टॉवर दिसत होता. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. "काही नाही," तो म्हणाला. "एक खरखर येते, पण ती फोनचीच असते. पलीकडून काही येत नाही." इतकं स्पष्ट सहसा कुणी सांगत नाही, आमचं काम सोपं होतं, असं म्हणून डॉक्टरांनी आभार मानले. त्याला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं आणि ती शाबासकी घेऊन तो तिथंच पायरीवर बसला. रात्री ताईचा फोन आला. ती रडत नव्हती. त्यानं तिला ती खरखर कशी तयार होते ते पहिल्यापासून समजावून सांगितलं, तिनं ते सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक प्रश्नही विचारला नाही, आणि शेवटी म्हणाली, बरं.

बाबांना मागच्या वॉर्डात नेलं. तो लगेच जायला निघणार होता, पण नव्या रस्त्यावर टॉवर उभे राहिले होते आणि त्यांची मोजणी अडली होती, मग पाऊस, मग बायकोचं आजारपण. कारणं मागायची खोटी, ती हजर असतात. ताई फोन करायची, पण आता फोन बाबांकडे न्यायची नाही, आणि तोही म्हणायचा नाही. ती म्हणायची, शांत आहेत. तो म्हणायचा, चला, बरं झालं. पूर्वी त्याला कॉल तुटला की राग यायचा. आता ताईशी बोलताना लाइन पार शेवटपर्यंत स्वच्छ असायची आणि त्या स्वच्छतेत दोघांनाही बोलायला काही सापडत नसे. मधेच ती गप्प झाली की त्याच्या कानात ती मऊ खरखर सुरू व्हायची, आणि ताई तिकडे आहे की उठून गेली हे त्याला कळत नसे.

शेवटी तो गेला. केंद्र त्याला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं होतं, आणि त्यामुळे उलट जास्तच उदास वाटलं. पुढच्या वॉर्डातून जावं लागे. तिथं एक बाई एका म्हाताऱ्याला चमचा दाखवत होती आणि तो मोठ्यानं, घोगऱ्या आवाजात च च करत होता, आणि खोलीतले सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. मागच्या वॉर्डात फिनेलचा वास आणि पंख्याची घरघर. बाबा खिडकीकडच्या खाटेवर होते. केवढेसे झाले होते. दाढी कुणीतरी नीट केली होती, पण ज्या बाजूनं भांग पाडायचे त्याच्या उलट बाजूनं पाडला होता, आणि त्यामुळे ते भलत्याच कुणाचे तरी वडील दिसत होते. ताई पट्टा सावरत स्टुलावर बसली. तो खाटेपाशी उभा राहिला, कसे आहात बाबा म्हणाला, आणि बाबांनी डोळे त्याच्याकडे वळवले. ओठ हलले नाहीत. तेवढ्यात तिथली सिस्टर चादरी घेऊन आली. मुलगा का, असं विचारून ती मोकळेपणानं सांगायला लागली, की काळजी करू नका, अगदी शहाण्यासारखे राहतात. आले तेव्हा कुणाचाही फोन वाजला की पुटपुटत सुटायचे, इतकं की शेजारचे तक्रार करायचे. आता महिना झाला, अगदी शांत. असंच असतं, ती म्हणाली, पहिल्या काही महिन्यांत बोलायला लावलं तर लावलं, नाहीतर मग माणूस सोडून देतो. एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत मी सांगत होते ना असं काही नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं. ती फक्त गोंधळली होती, शिकवलेलं गणित पुन्हा करूनही उत्तर न जुळणाऱ्या मुलीसारखी. मी तर अगदी ओठांशी धरायचे रे, असं म्हणत तिनं पर्समधून फोन काढला आणि वाकून बाबांच्या तोंडाशी धरून दाखवला. पडदा तिच्या स्वतःच्या बाजूला, म्हणजे कॉल चालू आहे की तुटला हे दिसावं. फोनची पाठ बाबांकडे, आणि वरची कड त्यांच्या ओठांना जवळजवळ टेकलेली.

त्यानं ते पाहिलं. फोनला ऐकायला दोन भोकं असतात. एक खाली, बोलणाऱ्याच्या तोंडाशी. दुसरं वर, पाठीला, आजूबाजूचा गोंगाट टिपण्यापुरतं. खालच्यात जोरात येतं ते बोलणं. पाठीवरच्यात जोरात येतं तो गोंगाट, आणि गोंगाट फोन वजा करून टाकतो, पाठवत नाही. मग जे उरतं ती शांतता. हे त्याला ठाऊक होतं, कुणी मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण त्याच्या गाडीतले फोन कुणी हातात धरत नाही, ते चौकटीत सरळ उभे असतात, आणि बाबा पूर्वी बोलायचे तो फोन दोरीवाला होता, त्याला एकच तोंड होतं. त्यानं टॉवर तपासले, भार तपासला, टेकडीवर जाऊन अख्खी हवा तपासली. फोन कसा धरला आहेस, एवढं ताईला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. बाबा बोलत होते. त्यानं बोला म्हटल्यावर ते बोलले होते, ताईच्या हाताला श्वास लागेपर्यंत बोलले होते, आणि फोननं त्यांच्यातलं अक्षर न् अक्षर गोंगाट म्हणून पुसून टाकलं होतं, आणि त्यानं डॉक्टरांना काही नाही असं सांगितलं होतं.

"असाच धरायचे," ताई म्हणाली. "चुकत होतं का काही?"

"नाही," तो म्हणाला. "बरोबर होतं."

"मग तुला ऐकू का नाही आलं?"

तिनं फोन अजून तसाच धरला होता. पट्टा कमरेवर चढला होता, आणि वाकून उभं राहणं तिला सोसत नव्हतं हे दिसत होतं. खरं सांगितलं तर ते ती मरेपर्यंत त्याच हातात घेऊन फिरेल. चूक माझी, मी विचारायला हवं होतं, असं म्हणायचं तर आधी तेच सगळं सांगावं लागणार होतं.

"तेव्हा फोनवर बाबा बोललेच नसतील गं," तो म्हणाला. "आपल्याला वाटायचं."

ताईनं फोन खाली घेतला. असेल बाई, ती म्हणाली, आणि स्टुलावर बसून पर्सची चेन लावत राहिली. मग त्याचं लक्ष खाटेकडे गेलं. बाबा जागे होते. सगळा वेळ ते त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी आणखी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग मान भिंतीकडे फिरवली. तेवढी मान त्यांना अजून वळवता येत होती.